मदत हवी आहे: दात उजळायचे आहेत, पण आताच थंड पाणी झोंबतंय

पडद्याआडचा

नमस्कार मंडळी. आरोग्य विभागात पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

वय ३९, राहायला गोव्यात फोंड्याजवळ, नोकरी कुंडईला एका कारखान्यात. आमच्या देवळाच्या जत्रेला गावकऱ्यांचं संगीत नाटक होतं, त्यात गेली अकरा वर्षं उभा राहतोय. गेल्या मार्गशीर्षातल्या प्रयोगाचा व्हिडिओ परवा कुणीतरी गावच्या ग्रुपवर पुन्हा फिरवला. पद बरं झालंय, सूरही धरलाय, पण तोंड उघडलं की वरची रांग म्हणजे हळदीत घोळवलेले काजूगर! बायकोने व्हिडिओ थांबवून मोठा करून दाखवला. तिला त्यात काय मजा वाटली देव जाणे.

पान, तंबाखू, सिगरेट काही नाही. चहा दोनदाच. तरी हे.

मग उद्योग सुरू केले. आधी ऑनलाइन मागवलेली कोळशाची पावडर, तीन आठवडे. मोरी काळी झाली, दात होते तसेच. मग शेजाऱ्याच्या सांगण्यावरून अर्ध्या लिंबावर खायचा सोडा घालून घासलं. दोन दिवस चकचकीत वाटले खरे. शेवटी तारवटी (बोटीवर नोकरी करणाऱ्या) मावसभावाने बाहेरून आणलेल्या उजळायच्या पट्ट्या लावल्या. दुसऱ्याच रात्री वरच्या सुळ्यातून अशी कळ निघाली की डोळ्याखाली बोट दाबून बसलो. पट्ट्या बंद करून दहा दिवस झाले. अजून विहिरीचं पाणी लागतं. सोलकढी जिभेच्या एका कडेने ओढून पितोय.

झिणझिण्या न येता दात उजळायला काय करावं? वरचं एनॅमल मजबूत करायला कॅल्शियमच्या गोळ्या चालतील का? हाताशी तीन महिने आहेत.

उंडोपाव

नाटकात काम कोणतं आहे ते सांगा आधी. खलनायक असाल तर खर्चच वाचला.

पडद्याआडचा

शकुनी. पण यंदा नारद मिळायची शक्यता आहे म्हणून तर धडपड.

मामी_डिचोली

बाबा, कोळशाने दात घासायचं खूळ आता बाजारात परत आलंय होय? आमच्या सासूबाई मशेरी लावायच्या. तव्यावर तंबाखू भाजली की घरभर ठसका. पन्नाशीत त्यांचे दात मुळाशी इतके झिजले होते की पेरूची फोड चावताना डोळ्यांतून पाणी यायचं. दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ साली बंदी आली, पण घरच्या तव्याला कोण विचारतो. भुकटी कसलीही असो, रोज खरवडलं की झीज ही आलीच.

दंतकथा

मी दातांची डॉक्टर आहे. तोंड न बघता निदान करत नाही, तेव्हा हे दिशा दाखवण्यापुरतं समजा. आधी चार गोष्टी सांगा. दिवसभर काय काय पिता? ब्रश किती दिवस टिकतो? पित्ताचा त्रास आहे का? पुढच्या दातांत कॅप किंवा सिमेंट भरलेलं आहे का?

पडद्याआडचा

ताई, चारही बाबतींत पकडलंत.

पित्त आहे. तालीम अकराला सुटते, मग जेवण, मग लगेच आडवा. पहाटे घशाशी आंबट येतं. पित्तावर भिरंड (कोकम) चांगलं म्हणून लिटरच्या बाटलीत दोन झाकणं कोकमाचा आगळ आणि चिमूटभर मीठ घालून कामावर नेतो. साखर अजिबात नाही. सकाळी आठपासून पाचपर्यंत घोट घोट चालू असतं. ब्रश महिन्याभरात कोंबड्याच्या तुऱ्यासारखा फिसकारतो. कडकच घेतो, मऊने घासल्यासारखं वाटत नाही. आंबट वर आलं की उठून लगेच ब्रश करतो, तोंडाला वास नको म्हणून. आणि वर पुढचा एक दात कॅपचा आहे, बाविसाव्या वर्षी मोटरसायकलवरून पडलो होतो.

दंतकथा

मग आता नीट सांगते, जरा लांबेल.

एनॅमल साधारण ९६ टक्के खनिज असतं. शरीरात त्याच्याइतकं कठीण दुसरं काही नाही, पण त्यात जिवंत पेशी नाहीत. हाड मोडलं तर सांधतं. एनॅमल झिजून गेलं की नवं उगवत नाही. त्याच्या आतला थर, डेंटिन, मुळातच पिवळसर असतो. वरचं कवच पातळ झालं की आतला पिवळा बाहेर डोकावतो. म्हणजे तुम्ही जो मळ समजून घासताय तो बहुधा मळ नाहीच. तुम्ही भिंत खरवडताय आणि खालची माती दिसतेय म्हणून आणखी जोरात खरवडताय.

आता कळ कुठून येते ते. डेंटिनमध्ये सूक्ष्म नळ्या असतात, त्यांत द्रव असतो. एनॅमल पातळ झालं किंवा हिरडी सरून मूळ उघडं पडलं की या नळ्यांची तोंडं मोकळी होतात. थंड लागलं की आतला द्रव हलतो आणि नसेला ते कळतं. पट्ट्यांमधलं पेरॉक्साइड, म्हणजे दात उजळवणारं रसायन, तर एनॅमलमधून थेट आत झिरपतं. धडधाकट दातांनाही त्याने चार दिवस झिणझिण होते. तुमच्या दातांवर आधी कोळसा, मग लिंबू, त्यावर पट्ट्या. दुसऱ्या रात्रीपर्यंत कसा काय धीर धरलात?

लाळेचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) ५.५ च्या आसपास खाली उतरला की एनॅमलमधलं खनिज सुटायला लागतं. लिंबाचा रस पीएच २ च्या जवळपास असतो. आगळाचं पाणीही चांगलंच आंबट. घोट घेतल्यावर लाळ ते हळूहळू सावरते, कॅल्शियम आणि फॉस्फेट परत दातात बसवते. पण त्याला निवांत वेळ लागतो, आणि तुम्ही आठ ते पाच तिला तो देतच नाही. जेवणाबरोबर वाटीभर सोलकढी प्यायलात तर काही बिघडत नाही, तेव्हा लाळही भरपूर सुटलेली असते. बिघडवते ती बाटली. साखर नाही म्हणून कीड कमी लागेल, आम्ल तेवढंच.

आंबट वर आल्यावर लगेच ब्रश करणं म्हणजे मऊ पडलेल्या एनॅमलवर काथ्या फिरवणं. त्याऐवजी पेलाभर पाण्यात अर्धा चमचा खायचा सोडा विरघळवून चूळ भरा. अर्ध्या तासाने ब्रश. सोडा बिचारा चांगला आहे, तुम्ही त्याला लिंबाबरोबर उभा केलात.

भाटातला_माड

माफ करा ताई, पण आमच्या आजोबांनी उभा जन्म कडुनिंबाच्या काडीने दात घासले, लोणचं, कैरी, बिंबल सगळं खाल्लं, आणि ऐंशीव्या वर्षी ऊस सोलायचे. हे पेस्टवाल्यांचं शास्त्र आहे. तिळाच्या तेलाच्या गुळण्या करा, महिन्यात फरक दिसेल.

दंतकथा

आजोबांना नमस्कार. ते कैरी दिवसभर बाटलीत घालून चोखत नव्हते, एवढंच म्हणते. काडीचा कुंचला नीट चावून मऊ केला तर काडीला माझी हरकत नाही. तेलाच्या गुळण्यांनी दात पांढरे होतात असं मात्र मी सांगणार नाही.

मामी_डिचोली

आणि आजोबांच्या दातांचा रंग काय होता तेही विचारा त्यांना.

पडद्याआडचा

ताई, आता डोकं जागेवर आलं. मग मजबुतीसाठी नक्की काय लावू? दुकानात उभा राहिलो की वीस खोके समोर येतात, सगळ्यांवर चमचमता दात.

दंतकथा

खोक्यावरचा दात बघू नका, मागची बारीक अक्षरं वाचा.

फ्लोराइड हवंच. आपल्याकडे टूथपेस्टमध्ये १००० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत हजार भाग) चालतं, त्याच्या जवळचा आकडा असलेली घ्या. निघालेल्या खनिजाच्या जागी फ्लोराइड बसलं की तो भाग आम्लाला पहिल्यापेक्षा कमी दाद देतो. कळ शमवायला ५ टक्के पोटॅशियम नायट्रेट असलेली पेस्ट. ती नसेला शांत करते, पण दोन ते चार आठवडे लागतात. दोन दिवसांत "फरक नाही" म्हणून टाकून देऊ नका. फ्लोराइड आणि हे दोन्ही एकाच ट्यूबमध्ये मिळतं. दुधातल्या केसिनपासून केलेलं, कॅल्शियम-फॉस्फेट देणारं क्रीमही असतं, पण दुधाची अ‍ॅलर्जी असेल तर नको. जपानात हायड्रॉक्सिअ‍ॅपटाइटच्या, म्हणजे दातात असतं तसल्याच खनिजाच्या, पेस्ट १९८० च्या दशकापासून आहेत, आता इथेही दिसतात. वाईट नाहीत, पण महाग. माझ्या मते तुमचे पैसे आधी मऊ ब्रशवर जाऊ देत.

वाटाण्याएवढी पेस्ट, ब्रश हिरडीकडे तिरपा धरून हलक्या हाताने. झालं की फक्त थुंका, खळखळून चूळ भरू नका. फेसाबरोबर सगळं फ्लोराइड मोरीत जातं. रात्रीचा ब्रश चुकवू नका, झोपेत लाळ कमी असते. "व्हाइटनिंग" लिहिलेल्या बऱ्याच पेस्ट जास्त खरखरीत असतात, काहींमध्ये निळा रंग असतो, तो दातावर बसून पिवळेपणा तात्पुरता झाकतो. दोन्ही तुम्हाला सध्या नकोत.

कॅल्शियमच्या गोळ्या मोठ्या माणसाच्या एनॅमलपर्यंत पोचत नाहीत. ते कवच लहानपणीच घडून तयार झालेलं असतं.

आता उजळण्याचं. ते शेवटी, कळ पूर्ण थांबल्यावर आणि डॉक्टरच्या देखरेखीखाली. जबड्याच्या मापाचा ट्रे करून घेतात, त्यात १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचं जेल रात्री लावायचं. त्यातून साधारण साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं, म्हणजे सौम्य. झोंबलं तर एक रात्र सोडून लावायचं. युरोपात ०.१ टक्क्याच्या वरचं पेरॉक्साइड दुकानातून विकता येत नाही, ६ टक्क्यांपर्यंतचं दंतवैद्यामार्फतच देतात. तुमच्या मावसभावाची पट्टी कुठली आणि किती टक्क्यांची, हे तुम्हाला तरी ठाऊक आहे का?

आणि कॅप. पेरॉक्साइडने कॅपचा रंग बदलत नाही. बाकीचे उजळले की ती एकटी पिवळी उठून दिसेल.

उंडोपाव

म्हणजे नारदाच्या तोंडात एक दात शकुनीचा.

पडद्याआडचा (साडेतीन आठवड्यांनी)

चवथ झाली, नेवऱ्या संपल्या, म्हणून आता लिहितोय.

दंतकथाताईंच्या सांगण्यावरून बाटली त्याच दिवशी बंद केली. मग एका रात्री बायकोच्या पावडरीच्या डबीचा आरसा समोर धरला, मोबाइलचा उजेड लावला आणि स्टीलचा चमचा वरच्या दातांच्या मागे धरून त्यात आतली बाजू पाहिली. बाहेरून पिवळे, आतून मात्र ओल्या शिंपल्यासारखे गुळगुळीत. कडेला तर उजेड आरपार, निळसर. चांगलाच घाबरलो. दुसऱ्या दिवशी रजा टाकून बांबोळीला सरकारी दंत महाविद्यालयात गेलो.

सकाळी लवकर केसपेपर काढला तरी माझा नंबर लागायला अकरा वाजले. शिकाऊ मुलगी होती, आमच्या नाटकातल्या कोरसमधल्या पोरींच्या वयाची. तिने बघितलं आणि न सांगता विचारलं, "रात्री आंबट वर येतं का हो?" मग सरांना बोलावलं. सरांनी दातांच्या रंगांची पट्टी काढून एकेक नमुना माझ्या दाताला भिडवून पाहिला आणि "ए थ्री, सुळा ए थ्री पॉइंट फाइव्ह" असं लिहायला सांगितलं. म्हणाले, आमच्या नाक्यावर जा, निम्म्या लोकांचे हेच निघतील.

दात साफ करून दिले. खालच्या दातांमागे किटण होतं, ते निघाल्यावर फट मोकळी वाटली, दोन दिवस वाराही लागला, मग गेलं. "सफाईने दात हलतात" असं घरून बजावून पाठवलं होतं, तसं काही झालं नाही. सुळ्याच्या मुळाशी कडक ब्रशने खाच पडलीय, इंग्रजी व्हीसारखी. तिथे सिमेंट भरलं. कळ खरी तिथून होती! फ्लोराइडचं व्हार्निश (दातावर चिकटणारा लेप) लावलं, चार तास कडक काही खायचं नाही म्हणाले. पित्तासाठी वेगळ्या डॉक्टरकडे पाठवलंय.

पेस्ट रोज दोनदा चालू. आज सकाळी विहिरीचं पाणी थेट दातांवर घेतलं. किंचित लागलं, पण तोंड वाकडं झालं नाही.

ट्रेचं म्हणाल तर सर म्हणाले, अजून महिनाभर कळ नसेल तर बघू. कॅप मात्र उजळून झाल्यावर निदान दोन आठवड्यांनी बदलायची, रंग स्थिर होऊ द्यायचा. म्हणजे जत्रेपर्यंत सगळं बसत नाही. दिग्दर्शकाला सांगितलं. तो म्हणाला, दातांसाठी नारद कोण देतो तुला, तान नीट घे आधी.

दंतकथा

सर बरोबर बोलले. घाई करू नका. तालमीनंतरचं जेवण तेवढं आधी घ्या, नाहीतर हे सगळं पुन्हा.

पडद्याआडचा

आता साडेसातला जेवून तालमीला जातो. अकराला भूक लागली तर दूध. कामावर बाटलीत साधं पाणी. आगळाची शिशी बायकोने पाहुण्यांसाठी म्हणून वरच्या फळीवर ठेवलीय, स्टूल घेतल्याशिवाय माझा हात पोचत नाही.