मदत हवी आहे: 'आय ऑफ द नीडल' वाचलेल्यांची मतं हवीत (वाचनकट्ट्यासाठी)

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या वाचनालयात दर महिन्याला एक वाचनकट्टा भरतो. बहुतेक सगळे मराठी माध्यमातले. मराठी पुस्तकांचा फडशा पाडणारे, पण अख्खी इंग्रजी कादंबरी कधी संपवलेली नाही. 'ते आपल्याला झेपायचं नाही' ही धास्ती एकदा जावी असं मला फार मनापासून वाटतं. म्हणून पुढच्या वेळेसाठी केन फॉलेटची 'आय ऑफ द नीडल' सुचवली आहे. वाक्यं छोटी, प्रकरणं आटोपशीर, आणि पुढे काय होणार ही ओढ इतकी की अडलेला शब्द सोडून माणूस पुढे पळतो. पहिल्या इंग्रजी पुस्तकाला यापेक्षा वेगळं काय हवं?

ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हेन्री फेबर हा लंडनमध्ये साधा भाडेकरू म्हणून राहणारा जर्मन हेर. बाहीत पातळ सुरा. १९४० साली घरमालकीण चुकीच्या क्षणी त्याच्या खोलीत येते आणि तिथूनच कळतं की हा माणूस किती थंड डोक्याचा आहे. मग गोष्ट १९४४ मध्ये येते. दोस्त राष्ट्रं फ्रान्सच्या किनाऱ्यावर नेमकी कुठे उतरणार, कॅलेच्या बाजूला की नॉर्मंडीत, हे जर्मनांना हवंय. इंग्लंडच्या पूर्वेला जमलेलं प्रचंड सैन्य निव्वळ देखावा आहे, विमानं प्लायवुडची आहेत, हे फेबर डोळ्यांनी बघतो, फोटो काढतो आणि पळत सुटतो. मागावर गॉडलिमन नावाचा मध्ययुगीन इतिहासाचा प्राध्यापक आणि ब्लॉग्ज हा पोलीस अधिकारी. शेवटी वादळात होडी फुटून फेबर एका ओसाड बेटावर जाऊन पडतो. तिथे लूसी, तिचा अपघातात दोन्ही पाय गमावलेला नवरा डेव्हिड, त्यांचा लहान मुलगा, आणि एक म्हातारा मेंढपाळ. बस, एवढीच माणसं.

पुढचं सांगत नाही. प्रतिसादातही शेवट फोडू नका ही कळकळीची विनंती, कट्ट्यावरचे काही जण हा धागा वाचणार आहेत.

आता अडचण. पुस्तकाच्या सुरुवातीलाच छोटी प्रस्तावना आहे आणि तिच्यात लेखकाने सगळं सांगूनच टाकलंय: ते सैन्य नव्हतंच, जहाजं रबराची आणि लाकडाची होती, अमेरिकेचा नावाजलेला सेनानी जनरल पॅटन याला मुद्दाम दिसेल असं फिरवलं जात होतं. आणि नॉर्मंडीचं काय झालं हे तर शाळेत इतिहास शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मग मी लोकांना सांगू का, की प्रस्तावना सोडा, थेट पहिल्या प्रकरणापासून सुरू करा? की आधी तासभर बसून त्या काळाचा इतिहास सांगू आणि मग वाचायला लावू? तुमचा अनुभव काय?

दुसरी गोष्ट बेटाची. दोघांनी आधीच वाचून काढली. एकाचं म्हणणं, पाठलाग चालू होता तोवर दोन रात्री झोप नव्हती, आणि बेटावर आल्यावर गाडी थबकली. दुसरीचं मत नेमकं उलट. तिला फेबरच्या पाठलागात विशेष रस नव्हता, लूसी आली आणि ती पुस्तकात शिरली. मी स्वतः दुसऱ्या बाजूची आहे. माझ्या मते लूसीशिवाय ही कादंबरी शंभरातली एक झाली असती. पण वेग हवा म्हणून आलेल्यांना तिथे कसं धरून ठेवायचं?

आणखी एक. कट्ट्यावर कॉलेजच्या मुली आहेत आणि सत्तरीचे आजोबाही. पुस्तकात खून तपशिलात आहेत, शरीरसंबंधांची वर्णनंही मोकळी आहेत. आधी सांगावं की नको?

— भुईकमळ

---

रविवारवाचक: प्रस्तावना अजिबात वगळू नका ताई. लेखकाने ती उगाच घातलेली नाही. 'पुढे काय झालं' हे माहीत असूनही पान उलटत राहतं, तीच तर या पुस्तकाची ताकद आहे. सैन्य खोटं आहे हे आपल्याला पहिल्या पानापासून माहीत असतं म्हणूनच फेबर त्या तळाच्या दिशेने निघतो तेव्हा पोटात गोळा येतो. ते माहीत नसेल तर तो फक्त कुंपण ओलांडणारा एक माणूस. सगळा ताण 'तो शोधेल का' यात नाही, शोधलेलं बर्लिनपर्यंत पोचेल का यात आहे. मी कॉलेजात असताना प्रस्तावना न वाचता सुरू केली होती आणि पहिली पन्नास पानं धड पकड येईना. पुढे कधीतरी परत पहिल्यापासून वाचली तेव्हा रात्री दोनला संपवूनच उठलो.

दर्यावर्दी: रविवारवाचकांशी सहमत, पण तासभर इतिहास नको. लोक कादंबरी वाचायला आलेत. पंधरा मिनिटं पुरे. हातात नकाशा द्या आणि तीन ठिकाणं दाखवा: डोव्हरच्या समोर कॅले, खाली नॉर्मंडी, वर स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर अबर्डीन. कॅलेचं अंतर किती कमी आहे हे डोळ्यांनी दिसलं की जर्मनांना तीच जागा का पटली हे कुणाला समजवावं लागत नाही.

बाकीचा इतिहास चर्चेच्या दिवसासाठी राखून ठेवा, कारण तो कादंबरीइतकाच भन्नाट आहे. या फसवणुकीचं नाव ऑपरेशन फॉर्टिट्यूड. डोव्हरला तेलसाठ्याचा अख्खा खोटा धक्का उभारला होता. ६ जून १९४४ ला नॉर्मंडीत सैन्य उतरलं, तरीही खरा हल्ला कॅलेलाच होणार या समजुतीने जर्मनांनी त्यांची पंधरावी आर्मी तिकडे कित्येक आठवडे अडकवून ठेवली. ती समजूत पक्की करणाऱ्यांत मोठा वाटा हुआन पुजोल गार्सिया या स्पॅनिश माणसाचा. जर्मनांना वाटायचं तो त्यांचा हेर, प्रत्यक्षात तो ब्रिटिशांचा, सांकेतिक नाव गार्बो. त्याने हाताखाली २७ उपहेर असल्याचं भासवलं होतं, सगळे काल्पनिक! जर्मनांनी त्याला आयर्न क्रॉस हे पदक दिलं आणि ब्रिटिशांनी एमबीई हा किताब. युद्धानंतर मेल्याची बातमी पसरवून तो व्हेनेझुएलात राहिला आणि थेट १९८४ मध्ये लोकांसमोर आला.

पानगळ: हे वाचून मला एक जोड द्यावीशी वाटते. ब्रिटनमध्ये आलेले जर्मन हेर जवळपास सगळे पकडले गेले किंवा फितवले गेले होते, हे जगाला सविस्तर कळलं १९७२ मध्ये, जॉन मास्टरमन यांचं पुस्तक आलं तेव्हा. मास्टरमन ऑक्सफर्डचे इतिहासाचे प्राध्यापक आणि ही फितवाफितवी बघणाऱ्या समितीचे प्रमुख. आता गॉडलिमन आठवा. आणि फॉलेटची कादंबरी आली १९७८ मध्ये, म्हणजे 'सगळे पकडले गेले' हे ठाऊक झाल्यावर त्याने 'एक निसटला असता तर?' हा प्रश्न धरला. केंब्रिजमध्ये एक हेर खरोखरच नजरेतून सुटला होता, टेर ब्राक नावाचा. १९४१ मध्ये एका हवाई हल्ल्याच्या निवाऱ्यात तो मृतावस्थेत सापडला तेव्हाच त्याचा पत्ता लागला. कट्ट्यावर हे सांगितलंत तर पुस्तक वाचून झालेले लोकही खुर्चीत सरसावून बसतील.

मधलंस्टेशन: मी तुमच्या पहिल्या मित्राच्या बाजूने. बेटावर आल्यावर वेग पडतो, हे मान्य केलं पाहिजे. आणि लूसी फेबरकडे इतक्या लवकर ओढली जाते ते मला पटलं नाही. अनोळखी माणूस, एका दिवसात एवढं? थ्रिलरला हवं म्हणून घडवल्यासारखं वाटलं.

रातराणी: मधलंस्टेशन, मला अगदी आदराने असहमती नोंदवायची आहे. लवकर नाही हो, त्याच्यामागे चार वर्षं आहेत. लग्नाच्या दिवशीच अपघात, मग हे बेट. नवऱ्याने पाय गमावले हे तिने कधीच स्वीकारलंय, त्याने मात्र तिलाच दूर लोटलंय. बोलायला माणूस नाही, रेडिओ आणि मेंढ्या. डेव्हिडची कडू बोलणी असलेली सुरुवातीची पानं परत वाचून बघा. मी लग्नानंतर बरीच वर्षं एका प्रकल्पाच्या वसाहतीत काढली, जिथे संध्याकाळी पाचनंतर कुणी भेटत नसे. लूसी मला पहिल्या ओळीपासून कळली. आणि फॉलेटने तिला फक्त भोगणारी ठेवलेली नाही, शेवटाकडे सगळ्या युद्धाचा भार तिच्या एकटीवर येतो. सैन्य, प्राध्यापक, पोलीस सगळे लांब. यापुढे लिहीत नाही, ताईंनी मनाई केलीय.

भुईकमळ, तुम्ही विचारलंत कसं धरून ठेवायचं. वाचन दोन टप्प्यांत वाटा. पहिला टप्पा होडी फुटेपर्यंत. त्यावर एक बैठक घ्या आणि एवढंच विचारा, की फेबर पकडला जावा असं वाटत होतं की निसटावा? बहुतेक जण कबूल करतील की 'निसटावा' असं कुठेतरी वाटत होतं. मग त्याला बेटावर लूसीसमोर उभं करा. दुसरा टप्पा सगळे घरी जाऊन एका दमात वाचतील.

रविवारवाचक: हा प्रश्न फार नेमका आहे रातराणी. रेल्वेत जुना ओळखीचा माणूस भेटतो, तिथे मी अक्षरशः फेबरसाठी श्वास रोखला होता, आणि पुढच्या पानावर स्वतःचीच लाज वाटली.

दर्यावर्दी: वर्णनांबद्दल: आधी सांगा. साध्या शब्दांत, सगळ्यांसमोर, एकदाच. 'यात हिंसा आहे आणि शय्यादृश्यं आहेत, ज्यांना नको त्यांनी ती पानं ओलांडावीत, गोष्ट हुकत नाही.' मोठी माणसं बिचकत नाहीत, अचानक समोर आलं तर मात्र अवघडतात. भाषेची तयारी म्हणून होम गार्ड, ब्लॅकआउट, रेशन कुपन हे शब्द कागदावर लिहून द्या. वाचक अडतो तो इंग्रजीने कमी आणि त्या काळातल्या अशा शब्दांनी जास्त.

पानगळ: १९८१ चा सिनेमा आधी दाखवू नका. डोनाल्ड सदरलंड अप्रतिम आहे, पण तो पाहिला की फेबरचा चेहरा कायमचा ठरून जातो. पुस्तकानंतर जरूर.

भुईकमळ: सगळ्यांचे मनापासून आभार. प्रस्तावना ठेवते, आणि पहिल्या दिवशी ती मीच मोठ्याने वाचून मराठीत समजावते. नकाशा, शब्दांचा कागद आणि दोन टप्पे, तिन्ही घेतलं. रातराणी, तुमचा प्रश्न तुमचं नाव सांगून विचारणार आहे, चालेल ना? दर्यावर्दी, नकाशासाठी एक विचारायचं राहिलं: लूसीचं बेट खरं आहे का? लोक पहिल्याच दिवशी विचारतील.

दर्यावर्दी: नाही, स्टॉर्म आयलंड काल्पनिक आहे. ब्रिटनमध्ये कादंबरी आधी त्याच नावाने आली होती. नकाशावर अबर्डीनच्या पूर्वेला उत्तर समुद्रात पेन्सिलने एक ठिपका काढा आणि हे लेखकाचं बेट म्हणून सांगून टाका.

रातराणी: चालेल, नक्की विचारा. आणि बैठक झाली की कोण कुठल्या बाजूला गेलं ते इथे लिहा.