पहिली स्वतःची किल्ली

नौपाडा, ठाणे. तीन वर्षं आखेन, जर्मनी

चोवीस वर्षांची होईपर्यंत माझ्याकडे आमच्या घराची किल्ली नव्हती. कधी लागलीच नाही. दार वाजवलं की आजी उघडायची, नाहीतर आई. दोघी नसल्या तर समोरच्या काकूंच्या खिळ्याला किल्ली टांगलेली असायची. किल्लीबरोबर ‘आज उशीर?’ हा प्रश्नही मिळायचा, फुकट.

२०२२च्या ऑक्टोबरात आखेनला पोहोचले, तेव्हा घरमालकानं दोन किल्ल्या हातात ठेवल्या आणि सही घेतली. तिकडच्या दारांना बाहेरून फिरवायचा खटका नसतो, नुसती मूठ असते. दार ओढलं गेलं की संपलं. तिसऱ्याच आठवड्यात मी कचरा टाकायला खाली गेले, पायात सपाता, किल्ली टेबलावर. वर रविवार. दुकानं बंद, रस्ता सामसूम, आणि किल्लीवाल्याचा रविवारचा दर वेगळा. त्यानं दोन मिनिटांत दार उघडलं आणि १६० युरो घेतले. तेव्हा मला व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या विद्यार्थी खात्यातून महिन्याला ८६१ युरो मिळायचे, त्यातलेच हे गेले.

रडले का? थोडी. आईला सांगितलं नाही. रात्री अंथरुणात पडल्यावर लक्षात आलं, की आज एक अख्खी भानगड झाली, मी ती निस्तरली, आणि ठाण्यात कुणाला पत्ताही नाही. एकदम हसूच यायला लागलं. इतकं मोकळं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

दुसरी किल्ली महिन्याभरानं खालच्या मजल्यावरच्या आजींना नेऊन दिली. त्यांनी कधीच ‘आज उशीर?’ विचारलं नाही. त्याचं थोडं चुकल्यासारखं वाटलं, पण थोडंच.

तर हा धागा त्यासाठी. विमानतळावरचं रडणं, पहिल्या दिवाळीची आठवण हे सगळ्यांचं झालंय, ते खरंही आहे. मला मजा ऐकायचीय. एकटं राहिल्यावर तुम्हाला नेमकी कशाची मजा आली?

ऐरोली. सध्या मेलबर्न

मजा म्हणाल तर दांडीची.

इथे कॉलेज चालू असताना विद्यार्थ्यांना पंधरवड्याला ४८ तासच काम करता येतं, सुट्टीत मर्यादा नाही. त्यामुळे डिसेंबर म्हणजे कमाईचा महिना. मी गोदामात खोकी उचलतो. ३० डिसेंबर २०२४ला माझी शिफ्ट होती आणि एमसीजीवर, म्हणजे इथल्या क्रिकेटच्या मैदानावर, भारत-ऑस्ट्रेलिया बॉक्सिंग डे कसोटीचा पाचवा दिवस होता. सकाळी सुपरवायझरला फोन करून येत नाही म्हटलं, ट्राम पकडली आणि गेलो. कुणाला विचारलं नाही. आमच्या ऐरोलीच्या घरात टीव्हीवर मॅच लावायलाही आधी बाबांचा चेहरा बघावा लागायचा.

चहापानापर्यंत वाटलं, वाचलो. जैस्वाल आणि पंत टिकले होते. मग शेवटच्या सत्रात ३४ धावांत ७ गडी. १८४ धावांनी हरलो. पाच दिवसांत मिळून ३ लाख ७३ हजारांवर माणसं येऊन गेली, १९३७चा विक्रम मोडला म्हणे, आणि त्यातला एक मी, दिवसाचा पगार बुडवून पराभव बघायला आलेला.

परतताना चिडायला कुणी नव्हतं आणि ‘परीक्षा तोंडावर आहे ना’ म्हणायलाही कुणी नव्हतं. आईला सांगितलं, कामावर होतो. बाबांना मात्र स्टेडियमचा फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं, ‘जैस्वाल आउट नव्हता.’ बाकी काही नाही.

सानपाडा. सध्या डब्लिन

मला चहा आवडत नाही, हे मला पंचविसाव्या वर्षी कळलं.

घरी सकाळी कप समोर यायचा, मी प्यायचो. आवडतो की नाही हा विचार करायची वेळच आली नाही. इथे आल्यावर आठवडाभर चहा करायचा कंटाळा केला आणि काहीच बिघडलं नाही. आणि हे कळलं कुठे, तर आयर्लंडमध्ये, जिथे लोक आपल्याइतकाच चहा ढोसतात आणि तोही दूध घालूनच!

एकटं राहण्याबद्दल मी बोलू नये. आमच्या घरात सहा जण आहेत, त्यातले चार नवी मुंबईचे. डब्लिनची भाडी बघता पर्याय नाही. फ्रिजमधल्या दह्यावर नाव लिहावं लागतं.

कोपरी, ठाणे पूर्व

धागा मुलांचा आहे, पण लेकीनं वाचायला पाठवला म्हणून दोन शब्द लिहिते.

ती हॅम्बुर्गला आहे. व्हिडिओ कॉलवर मी तिला फ्रिज उघडून दाखवायला सांगते, ती दाखवते. मला माहीत आहे, की ती आधी भाज्या पुढे मांडून ठेवते. मीही काही म्हणत नाही. तुम्ही आम्हाला सगळं सांगत नाही हे आम्हाला कळतं बाळांनो. यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, ते आम्ही तिला पंधरा दिवसांनी सांगितलं.

आणि मजेचं विचारता म्हणून सांगते. तेवीस वर्षं मी रात्रीच्या पोळ्या लाटल्या. आता आम्ही दोघं आठवड्यातून दोनदा रात्री नुसते पोहे खातो आणि साडेआठला मोकळे. घाणेकर नाट्यगृहात महिन्याला एक नाटक ठरलेलं. ती यायची झाली की पुन्हा पोळ्या.

घोडबंदर रोड, ठाणे. सध्या टोरोंटो

सगळं वाचून छान वाटलं. पण पैसे कुणाचे, हे कुणी लिहीतच नाही.

मी २०२४च्या सप्टेंबरात आलो. व्हिसासाठी २०,६३५ डॉलर आधी बँकेत ठेवले होते. इथे आल्यावर तेच पैसे तुम्हाला हप्त्यानं परत मिळतात. पहिला हप्ता जमा झाला, त्या दिवशी मी पगार झाल्यासारखा मित्रांना पिझ्झा दिला. अर्धा पिझ्झा खाऊन झाल्यावर आठवलं, की ही बाबांची मोडलेली एफडी आहे. फीसाठी कर्ज वेगळं, त्याला कासारवडवलीचं घर तारण. ज्या घरापासून स्वतंत्र व्हायचं, तेच घर गहाण टाकून मी स्वतंत्र झालो.

गेल्या फेब्रुवारीत पहिल्यांदा अख्खं भाडं स्वतःच्या कमाईतून दिलं. कॉफीच्या दुकानात पहाटे पाचची शिफ्ट. बाहेर उणे पंधरा, बसथांब्यावर मी एकटा. पैसे पाठवून झाले आणि फोन खिशात टाकून उगाचच इकडेतिकडे बघितलं, कुणीतरी पाहिलं असेल म्हणून. ती मजा मात्र खरी.

मार्चमध्ये पुन्हा कमी पडले.

कोपरखैरणे. दोन वर्षं ओसाका

एकटीनं जेवायची मजा!

वाशीत एखाद्या हॉटेलात एकटी गेले, की वेटर विचारणार, ‘अजून कोणी येणार आहे का?’ आणि मग भिंतीकडचं टेबल. ओसाकात रामेनच्या दुकानात रांगेनं एकेकट्याच्या खुर्च्या असतात, तोंड स्वयंपाकघराकडे. दारातल्या यंत्रात पैसे टाकायचे, चिठ्ठी घ्यायची, बसायचं. शेजारी ऑफिसातून सुटलेले काका, पलीकडे कॉलेजची मुलगी, सगळे एकटे आणि कुणालाच त्याचं काही नाही. मी रात्री साडेदहाला तिथे बसून वाटी तोंडाला लावून रस प्यायचे आणि चालत घरी यायचे. चालत! हातात किल्ल्या दाबून न धरता.

पहिल्या वर्षी उपवास, वार, सगळं सोडून दिलं. कुणी विचारणारं नव्हतं. दुसऱ्या वर्षी आषाढीला काय वाटलं कोण जाणे, एशियन दुकानातून साबुदाणा आणला. रात्री भिजत घातला, सकाळी त्याची खळ झाली. ती दुसऱ्याच प्रकारची मोत्यासारखी गोळी, आपला खिचडीचा साबुदाणा नव्हेच. शेवटी केळं खाऊन उपवास केला. पण तो मी केला होता, आमच्या घरानं नव्हे. एवढा मनापासून आधी कधीच केला नव्हता.

(कचऱ्याच्या वर्गीकरणावर वेगळा धागा काढा, मी रात्रभर लिहीन.)

पाचपाखाडी, ठाणे. वय साठीच्या आत, जेमतेम

तुमच्या आधीच्या पिढीचं एक लिहितो. १९९३ साली मी मस्कतला गेलो, पंचविशीत. कंपनीच्या बॅचलर खोलीत चौघं. घरी फोन नव्हता, शेजाऱ्यांचा पीपी नंबर. पंधरा दिवसांतून एकदा फोन. आई धावत जिना उतरून यायची आणि धाप लागलेली असतानाच ‘जेवतोस ना?’ विचारायची, की तीन मिनिटं संपली. बाकी सगळं पत्रात. पत्र पोहोचायला दहा-बारा दिवस.

त्यामुळे आमच्या अडचणींची बातमी घरी पोहोचायची, तोवर अडचण संपलेली असायची. मला एकदा कावीळ झाली. आईचं काळजीचं उत्तर आलं, तेव्हा मी मुत्राहच्या समुद्रकाठी बसून मासे खात होतो, पथ्य संपवून. तुमचा तो १६० युरोंचा रविवार वाचला आणि तेच आठवलं. फक्त तुम्हाला न सांगायचं ठरवावं लागतं. आम्हाला इलाजच नव्हता.

खारघर. तीन वर्षं लीड्स, आता परत

परत आलेल्यांनी लिहायचं की नाही? लिहिते.

शिक्षणाचं एक वर्ष, मग पदवीनंतरच्या व्हिसाची दोन. पुढच्या व्हिसाची जबाबदारी घेऊन नोकरी देणारं कुणी मिळालं नाही, आले परत. लीड्समध्ये माझी एक खोली होती, खिडकीतून मागच्या घराची धुराडी दिसायची. रविवारी अकरापर्यंत लोळायचे, कधी तिनेकला जेवायचे. तीन वर्षांत मी काय खाल्लं, कुठे गेले, कुणाशी भांडले, याचा हिशेब कुणाकडेही नव्हता.

खारघरला आल्यावर पहिल्याच सकाळी मी अंघोळीला गेले, तर आईनं बाथरूमचं दार वाजवून विचारलं, ‘चहा ठेवू?’ ती चुकीची नव्हती. पण मी शॉवर बंद करून दोन मिनिटं तशीच उभी राहिले.

चार महिन्यांनी वाशीत जागा बघायला लागले. आणि मग कळलं, की परदेशात एकटं राहणं सोपं आणि सहा स्टेशनं सोडून एकटं राहणं अवघड. लीड्सला निघाले तेव्हा बाबांनी सोसायटीत पेढे वाटले होते. वाशीला राहायला जाते म्हटल्यावर आत्यानं हळूच विचारलं, ‘घरात काही झालं का?’ एका दलालानं जागा दाखवायच्या आधीच विचारलं, आईवडील खारघरला असताना वेगळं कशाला? दुसरा म्हणाला, सोसायटीला फॅमिली हवी. मी म्हटलं, मी कुणाची तरी फॅमिलीच आहे. त्याला ते कळलं नाही.

शेवटी नेरूळला मिळाली. तीनच स्टेशनं. आई महिनाभर आलीच नाही. गेल्या रविवारी आली, हातात डबा. मी दुसरी किल्ली तिच्यासाठी करून ठेवलीय हे तिला आधीच सांगितलं होतं, पाठवलीही होती बाबांबरोबर. तरी बेल वाजवली आणि दाराबाहेर उभी राहिली.

वर्तकनगर, ठाणे. सप्टेंबरात निघतोय, श्टुटगार्ट

दादा-ताई, सगळं वाचलं. एकच प्रश्न. कुकर न्यावा का?

नौपाडा

तीन लिटरचा. रिंगा दोन जास्तीच्या घे. आणि कचरा टाकायला जाताना किल्ली खिशात.

सानपाडा

चहाचं भांडं मागू नकोस, माझं पडून आहे.