जड तेलात पॉलिमर आणि फोम नक्की काय काम करतात?

गुहागरचा_पोरगा:
नमस्कार मंडळी, केमिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, सेमिनारला जड क्रूडचा, म्हणजे घट्ट कच्च्या तेलाचा विषय आलाय. वाचतोय पण एका जागी अडकलोय. तेल घट्ट आहे तर तेलच पातळ करायला हवं ना, मग उलट पॉलिमर घालून पाणी घट्ट करून आत का सोडतात? आणि फोम (फेस) तर तेल लागलं की फुटतो म्हणे, मग आत त्याचा उपयोग काय? आमच्या गावची माणसं मुंबई हायवर ड्युटीला जातात, तिथे हे चालेल का तेही सांगा, सर विचारणारच.

उरणकर:
चांगला प्रश्न आहे रे. हे दोन्ही तेलावर काम करतच नाहीत, मागून ढकलणाऱ्या पाण्याच्या नाहीतर गॅसच्या वाटेवर काम करतात, एवढं धरून ठेव मग बाकीचं आपोआप लागतं. काकवीच्या बरणीत पाणी ओतलंस तर ते काकवीला ढकलत नाही, कुठूनतरी फट काढून पुढे पळतं. रिझर्व्हायरमध्ये, म्हणजे जमिनीखालच्या तेलाच्या दगडात, तेच होतं, पाण्याची बोटं फुटतात, एकदा का ती प्रॉडक्शन विहिरीपर्यंत पोचली की वर नुसतं पाणी आणि तेल बाजूला तसंच. पॉलिमरने पाणी जाड झालं की ही बोटं आखूड होतात आणि रुंदीने ढकललं जातं.

आता गंमत बघ, पाणी तेलाएवढं जाड करावं लागत नाही. कॅनडात अल्बर्टामध्ये पेलिकन लेक आहे, तेल हजार सेंटीपॉइजच्या (घट्टपणाचं माप, साधं पाणी साधारण एक) पुढचं, तिथे 2005 ला पायलट म्हणजे छोटी चाचणी सुरू झाली आणि आत सोडलेलं पाणी साधारण वीस-पंचवीसचं, तरी फरक पडला. वाफ सोडून तेलच पातळ का नाही करत म्हणशील तर तेलाचा थरच पातळ, उष्णता वरच्या-खालच्या दगडात निघून जाते. आपल्याकडे मेहसाणा पट्ट्यात बलोल-सांथाळला जड तेल आहे, तिथे नव्वदच्या दशकापासून हवा सोडून तेलाचा थोडा भाग आतच जाळतात, ती वेगळी पद्धत. बाडमेरच्या मंगला तेलक्षेत्राला पॉलिमर आहे पण ते तेल मेणचट, जड नव्हे, सेमिनारमध्ये हे दोन एकत्र करू नकोस.

दाभोळ_खाडी:
फोमचं मी सांगते. तेलाने फुटतो हे खरं, आणि तेच आपल्या कामाचं आहे. वाफ किंवा गॅस हलका म्हणून वरच्या बाजूने पळतो, तिथलं तेल आधीच धुऊन निघालेलं असतं, सर्फॅक्टंट (साबणासारखा फेस करणारा पदार्थ) घातला की तिथे फोम टिकतो आणि ती वाट अडवतो. जिथे तेल भरपूर आहे तिथे टिकत नाही म्हणजे ती वाट उघडी राहते, मग मागून येणारा गॅस तिकडे वळतो. पाण्यात थोडं पॉलिमर असेल तर बुडबुड्यांमधला पडदा लवकर सुकत नाही म्हणून दोन्ही एकत्र वापरून बघतात.

गुहागरचा_पोरगा:
आत्ता कळलं!! ताई, दादा खूप आभार. मुंबई हायचं राहिलं.

उरणकर:
1974 ला सापडलेलं ते, तेल हलकं, दगड चुनखडीचा आणि आत शंभर डिग्रीच्या वर तापमान. नेहमीचं पॉलिमर म्हणजे एचपॅम (HPAM), पावडर स्वरूपात येणारं, ते एवढ्या उष्णतेत तुटत जातं, आणि त्यात समुद्राच्या पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम आलं की गाळ बनून बसतं. म्हणून इथलं उदाहरण घेऊच नको. समुद्रातलं जड तेल हवं असेल तर ब्रिटनचं कॅप्टन फील्ड घे, तिथे पॉलिमर वापरलंय आणि रिझर्व्हायर जेमतेम तीसेक डिग्रीचा. प्लॅटफॉर्मवर जागा आणि वजन दोन्हीची टंचाई असते, पावडर भिजवायच्या टाक्या कुठे ठेवायच्या हाही प्रश्न घे.

दाभोळ_खाडी:
आणि लॅबमध्ये बघायची सोय असेल तर एचपॅम नळाच्या पाण्यात एकदा आणि वेळणेश्वरच्या समुद्राच्या पाण्यात एकदा भिजव, एकाच प्रमाणात, दोन्हीची व्हिस्कॉसिटी (घट्टपणा) मोज. मिठाने किती पडते ते आकड्यात दिसेल, तीच स्लाइड पहिली लाव. ढवळताना मिक्सर जोरात फिरवू नकोस, पॉलिमरच्या लांब साखळ्या तुटतात.

गुहागरचा_पोरगा:
उद्याच सरांना विचारतो लॅबचं. पाणी रविवारी घरी गेलो की भरून आणेन.

उरणकर:
गाळून घे, वाळूचे कण राहिले तर रीडिंग चुकेल.