प्रायोगिक कणभौतिकीत माझं काम दिसणार कुठे?

प्रश्न: एमएस्सी संपत आलंय. एकेका शोधनिबंधावर हजारो नावं! त्यात माझं काम कोणाला कळणार?

उत्तर: गटातल्या लोकांना नक्की कळतं. २०१५ साली हिग्ज या मूलकणाच्या वस्तुमानावर अ‍ॅटलास आणि सीएमएस या दोन मोठ्या प्रयोगांचा एकत्रित निबंध आला, त्यावर पाच हजारांहून जास्त नावं होती. मी ट्रिगरवर, म्हणजे कणांच्या टकरींतली कुठली नोंद ठेवायची ते ठरवणाऱ्या यंत्रणेवर, पीएचडी केली. एलएचसीत, म्हणजे या टकरी घडवणाऱ्या महाकाय यंत्रात, दर २५ नॅनोसेकंदांनी प्रोटॉनचे पुंजके एकमेकांतून जातात, त्यातली जवळजवळ सगळी माहिती तिथल्या तिथे सोडून द्यावी लागते. काय ठेवायचं ते ठरवणारा कोड कोणी लिहिला, हे सहकाऱ्यांना बरोबर ठाऊक असतं. शिफारसपत्रं तेच लिहितात.

दुसरं उत्तर: सी प्लस प्लस, पायथन आत्ताच शिका.

प्रश्नकर्ती: थिअरी कच्ची आहे, चालेल?

पहिलं उत्तर: पक्की करा, पण त्याआधी संख्याशास्त्र. रोज तेच लागतं.