हाक्का घर म्हणजे केवळ गोल तुलोऊ नव्हे
दक्षिण चीनमधील हाक्का या समाजाचे घर म्हणजे तुलोऊ, म्हणजेच अनेक कुटुंबांनी एकत्र राहण्याची मातीची ती प्रचंड गोल वास्तू, असे अनेकदा म्हटले जाते. चीनच्या फुजियान प्रांताच्या डोंगराळ भागापुरते हे बरेचसे खरे आहे, आणि २००८ साली तेथील ४६ वास्तू जागतिक वारसा यादीत गेल्यापासून छायाचित्रेही त्यांचीच दिसतात. परंतु किनाऱ्यावरच्या हाक्का वस्त्यांना हे वर्णन लागू पडत नाही. सतराव्या शतकात चीनच्या छिंग राजवटीने सक्तीने रिकामा केलेला किनारा १६६९ मध्ये पुन्हा खुला झाल्यावर आजच्या हाँगकाँगच्या परिसरात जे हाक्का येऊन वसले, त्यांची घरे बहुधा साधी, एका रांगेत, भिंतीला भिंत लावून बांधलेली असत.

हाक्का घरांविषयी बोलताना चुन्याचा उल्लेख सहसा येत नाही, आणि माझ्या मते किनाऱ्यावरच्या बांधकामाचे मर्म तिथेच आहे. हाँगकाँगच्या साई कुंग भागातील शेउंग यिउ हे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वोंग कुळाने वसवलेले छोटे गाव चुन्याच्या भट्टीवरच भरभराटीला आले. समुद्रातून काढलेले प्रवाळ आणि शिंपले भट्टीत भाजून चुना तयार होई; तो विटा-दगडांचे सांधे भरण्यासाठी आणि गिलाव्यासाठी वापरला जाई, शिवाय शेतात खत म्हणूनही खपे. (कोकणात शिंपल्यांचा चुना पाहिलेल्यांना यात नवल वाटणार नाही.) माती आणि वाळूत हाच चुना मिसळून ठोकलेली भिंत नुसत्या मातीच्या भिंतीपेक्षा पावसात पुष्कळच टिकाव धरते. पुढे सिमेंट आणि आधुनिक विटा आल्यावर भट्टीचा धंदा बसला, गावही हळूहळू ओस पडले. १९८१ मध्ये त्याला संरक्षित स्मारकाचा दर्जा मिळाला आणि आता तेथे संग्रहालय आहे.