व्हीमिक्समध्ये तिसरा इनपुट काळा दिसतो

प्रश्न
एलईडी वॉलसाठी व्हीमिक्समध्ये (थेट कार्यक्रमात वेगवेगळी चित्रं मिसळणारं सॉफ्टवेअर) तीन इनपुट आहेत: दोन कॅमेरे १०८०पी५० वर (सेकंदाला ५० फ्रेम) आणि वक्त्यांचा लॅपटॉप १०८०पी६० वर. तिन्हींना यूएसबी ३.० ची एकाच मॉडेलची कॅप्चर कार्डं (बाहेरचं चित्र कॉम्प्युटरमध्ये घेणारी), आणि ती एका पॉवर्ड हबमध्ये. पहिला इनपुट स्वच्छ येतो, दुसरा अडखळतो, तिसरा काळा. एकेक कार्ड वेगळं लावलं तर सगळी चालतात. केबल आणि ड्रायव्हर बदलून पाहिले.

उत्तर १
एकेकटी चालतात म्हणजे कार्डं धड आहेत, वाट अरुंद पडते आहे. हिशोब करून बघा. कच्चं (न दाबलेलं) ४:२:२, म्हणजे रंगाची माहिती निम्मी ठेवणारं, ८ बिट चित्र असेल तर एका पिक्सेलला २ बाइट. १९२० × १०८० × २ × ५० = सेकंदाला सुमारे २०७ एमबी. लॅपटॉपचे ६० फ्रेम धरले तर २४९. तिन्ही मिळून ६६३. यूएसबी ३.० कागदावर ५ गिगाबिट, पण प्रत्यक्षात ४०० एमबीच्या आसपासच मिळतात. हब पॉवर्ड असला तरी कॉम्प्युटरकडे जाणारी तार एकच, त्यामुळे आधी हब काढा आणि कार्डं थेट कॉम्प्युटरच्या पोर्टना लावा.

वेगळे पोर्ट म्हणजे वेगळे कंट्रोलर (पोर्ट चालवणाऱ्या चिप) असं मात्र धरू नका. डिव्हाइस मॅनेजरमध्ये व्ह्यू मेनूतून ‘डिव्हायसेस बाय कनेक्शन’ निवडा आणि कुठलं कार्ड कुठल्या होस्ट कंट्रोलरखाली दिसतं ते पाहा.

उत्तर २
सोपा उपाय: इनपुटच्या सेटिंगमध्ये व्हिडिओ फॉरमॅट एमजेपीईजी (प्रत्येक फ्रेम जेपीईजीसारखी दाबणारा) करा. डेटा खूप कमी होतो.

उत्तर ३
कॅमेऱ्याला चालेल, स्लाइडला नको. निळ्यावर लाल बारीक अक्षरं असली की कडा फुटतात आणि मोठ्या वॉलवर ते लगेच दिसतं. शिवाय डीकोडिंगचा भार सीपीयूवर येतो. त्यापेक्षा लॅपटॉपच्या इनपुटला ३० फ्रेम द्या, १२४ एमबीत काम होतं. स्थिर स्लाइडला तेवढं पुरतं. वक्ता व्हिडिओ चालवणार असेल तर नाही. कार्डाला एनव्ही१२ (रंगाची माहिती आणखी कमी ठेवणारा कच्चा फॉरमॅट) येत असेल तर कॅमेरे त्यावर ठेवा, प्रत्येकी सुमारे १५६ एमबी.

व्हीमिक्सचा मुख्य फ्रेम रेटही ५० आहे ना ते बघा. तो ६० राहिला तर कॅमेरा पॅन करताना ठरावीक अंतराने झटका बसतो.

प्रश्नकर्ता
दोन कंट्रोलर निघाले, मागचे पोर्ट एकावर, पुढचे दुसऱ्यावर. एक कॅमेरा मागे, दुसरा कॅमेरा आणि ३० फ्रेमवरचा लॅपटॉप पुढे, म्हणजे तिथे ३३१ एमबी. तिन्ही चालू झाले. पण एका वक्त्याचा लॅपटॉप त्याच कार्डावर काळा येतो.

उत्तर १
मग एचडीसीपीची (एचडीएमआयवरचं कॉपी-संरक्षण) शंका घ्या. कार्डाच्या लूप आउटवर (आलेलं चित्र तसंच बाहेर देणारा पोर्ट) मॉनिटर लावा. तिथे चित्र आहे आणि व्हीमिक्समध्ये नाही, तर बहुधा तेच. त्या वक्त्याच्या लॅपटॉपवर संरक्षित व्हिडिओचं ॲप किंवा टॅब उघडा असेल तर बंद करून केबल पुन्हा लावा. लूपवरही काळं असेल तर बहुधा रिझोल्यूशन जुळत नाही. मधे १०८०पीला बांधलेला ईडीआयडी एम्युलेटर (लॅपटॉपला कुठलं रिझोल्यूशन द्यायचं ते सांगणारी डबी) ठेवा. स्लाइडचा काळा रंग राखाडी दिसला तर लॅपटॉप आणि कार्ड यांची कलर रेंज (काळ्या-पांढऱ्याच्या पातळ्या, फुल किंवा लिमिटेड) वेगळी आहे, दोन्हीकडे एकच ठेवा.

उत्तर ३
एक राहिलं. एकसारख्या कार्डांना स्वतःचा सीरियल नंबर नसेल तर विंडोज त्यांना पोर्टवरून ओळखतं. पोर्ट बदलला की कॅमेऱ्याच्या जागी लॅपटॉप येतो. पोर्ट आणि केबल दोन्हींवर एकाच रंगाची टेप लावा, मगच व्हीमिक्सचा प्रीसेट (सगळी मांडणी साठवणारी फाइल) सेव्ह करा.