मदत हवी आहे: मोटारहोममधील ॲब्सॉर्प्शन फ्रिजमधून अमोनियाची गळती

नमस्कार. आमच्या मोटारहोममधील गॅस आणि वीज अशा दोन्हींवर चालणारा ॲब्सॉर्प्शन फ्रिज थंड होईनासा झाला आहे, आणि त्याच्या कूलिंग युनिटमधून गळती होत असल्याचा मला दाट संशय आहे. असे फ्रिज ज्यांनी स्वतः हाताळले आहेत, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

फ्रीझरचा पत्रा हाताला अजिबात गार लागत नाही आणि दार उघडताच मुतारीत येतो तसा उग्र दर्प येऊन डोळे चुरचुरतात. बर्नरची ज्योत निळी आणि स्थिर आहे. गॅस बंद करून फ्रिज 230 व्होल्टच्या हीटरवर चालवला तरी फरक पडत नाही. त्यामुळे उष्णता पुरवणारे भाग ठीक असून दोष पुढच्या नळ्यांमध्ये असावा, असा माझा तर्क आहे. बाहेरची खालची जाळी काढून विजेरीने पाहिले, तेव्हा बॉयलरभोवतीच्या (द्रावण तापवणाऱ्या भागाभोवतीच्या) पत्र्याच्या वेष्टणाखालून पिवळाधमक ओघळ आलेला दिसला. वेल्डिंगच्या सांध्यापाशी तो वाळून त्याची खडेदार पूड झाली आहे.

फ्रिज पूर्ण बंद ठेवला, तर गाडीत झोपणे सुरक्षित आहे का, ही पहिली शंका. दुसरी अशी की ओघळ बाहेरच्या बाजूला असताना वास आत कसा येतो. गळती दोन ठिकाणी आहे, असे समजावे का? एका कारागिराने भेगेवर वेल्डिंग करून अमोनिया पुन्हा भरून देण्याची तयारी दाखवली आहे, तर दुसऱ्याने फ्रिज काढून काही वेळ उलटा ठेवण्यास सुचवले आहे. यांपैकी काही करून पाहण्यासारखे आहे, की सरळ नवे कूलिंग युनिट किंवा बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज घ्यावा? आम्ही बहुधा विजेची जोडणी नसलेल्या जागी मुक्काम करतो, सौर पॅनेल नाही आणि घरगुती वापराची बॅटरी एकच आहे.

प्रतिसाद

तुमचा तर्क बरोबर आहे आणि पिवळ्या ओघळाने तो जवळजवळ सिद्धच केला आहे. या बंदिस्त पोलादी नळ्यांमध्ये अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन यांच्याबरोबर नळ्या आतून गंजू नयेत म्हणून थोडे सोडियम क्रोमेट घातलेले असते. द्रावण बाहेर येऊन पाणी आणि अमोनिया उडून गेले की हा पिवळा क्षार मागे राहतो. तो विषारी आणि कर्करोगकारक आहे, म्हणून तो कोरडा खरवडू नका आणि ब्रशने झाडू नका. हातमोजे व मुखपट्टी लावून ओल्या फडक्याने टिपून घ्या आणि ते फडके बंद पिशवीत ठेवून घातक कचऱ्यात द्या.

फ्रिज मात्र आत्ताच गॅस आणि वीज अशा दोन्ही बाजूंनी बंद करा आणि 'थोडा वेळ चालवून पाहू' हा मोह टाळा. द्रावण कमी झालेला बॉयलर तापतच राहतो, भेग वाढते, आणि हायड्रोजन अत्यंत ज्वालाग्राही असून त्याची वाट बर्नरच्या अगदी शेजारून जाते. अशा गळतीतून गाड्यांना आगी लागलेल्या आहेत. वास पूर्ण जाईपर्यंत गाडीत झोपू नये, असेच मी सांगेन. जमिनीलगत बसवलेला एलपीजीचा अलार्म वाजत नाही, यावर विसंबू नका, कारण तो अमोनियासाठी बनवलेला नसतो, आणि अमोनिया हवेपेक्षा हलका असल्याने वरच चढतो.

आत येणाऱ्या वासाचा तुमचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. फोममध्ये दडलेल्या इव्हॅपोरेटरच्या (फ्रिजचा आतला भाग थंड करणाऱ्या भागाच्या) नळीलाही भोक पडलेले असू शकते, पण ते तपासत बसण्याची गरज नाही, कारण संपूर्ण युनिट एकसंध असते आणि बदलायचे तर सगळेच बदलावे लागते. दुसरी शक्यता अधिक गंभीर आहे: फ्रिजची चौकट आणि गाडीची भिंत यांमधले सील गेले असेल, तर ज्या फटीतून अमोनिया आत येतो, त्याच फटीतून बर्नरचा धूर आणि त्यातला वास नसलेला कार्बन मोनॉक्साइडही आत येऊ शकतो. फ्रिज बाहेर काढल्यावर मागची पोकळी राहत्या भागापासून पूर्णपणे बंद आहे, याची खात्री कोणत्याही परिस्थितीत करून घ्या.

वेल्डिंगचा प्रस्ताव साफ नाकारा. बंद असतानाही या नळ्यांमधला दाब वीस बारच्या आसपास असतो, आत हायड्रोजन उरलेला असू शकतो, आणि अमोनिया, पाणी व हायड्रोजन यांचे ठरलेले प्रमाण साधल्याशिवाय हे चक्र चालत नाही. 'अमोनिया भरून देतो' एवढेच म्हणणाऱ्याला हे यंत्र समजलेले नाही. फ्रिज उलटा ठेवण्याची युक्ती साचलेले द्रावण हलवण्यासाठी कधी उपयोगी पडली असेल, पण त्याने भेग बुजत नाही.

कॉम्प्रेसर की ॲब्सॉर्प्शन, हे तुमच्या बॅटरीवर ठरवा. कॉम्प्रेसर फ्रिज लवकर थंड होतो आणि थोडा कलही सहन करतो, पण एका बॅटरीवर, सौर पॅनेलशिवाय, तो तुम्हाला सलग अनेक रात्री पुरणार नाही. तुमच्या वापरासाठी, फ्रिजची पेटी आणि दाराचे रबर चांगले असेल, तर त्याच मॉडेलचे कारखान्यात भरून तपासलेले युनिट बसवणे मला रास्त वाटते. बसवणाऱ्याला इव्हॅपोरेटर आणि फ्रिजच्या आतल्या धातूच्या पात्यांच्या पट्टीमध्ये उष्णतावाहक लेप नीट लावायला सांगा. तिथे हवेची पोकळी राहिली, तर नवे युनिटही मंदच चालते. जुने युनिट कापू नका, कारण त्यात दाब शिल्लक असू शकतो.

नवे युनिट आल्यावर मुक्कामाला गाडी समपातळीत उभी करत जा. या यंत्रात पंप नसतो, द्रावण केवळ गुरुत्वाकर्षणाने परत येते. बऱ्याच मॉडेलना आडव्या दिशेने साधारण 3 अंश आणि पुढे-मागे 6 अंशांपर्यंतचा कल चालतो. गाडी चालताना धक्क्यांमुळे द्रावण हलत राहते, म्हणून चढ-उताराच्या रस्त्याची चिंता नको. उतारावर तासन्‌तास उभ्या असलेल्या गाडीत चालू ठेवलेला फ्रिज मात्र बॉयलर अति तापून खराब होतो, आणि तुमच्याकडची भेग बॉयलरपाशीच आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

धागाकर्ता

सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. फ्रिज दोन्ही बाजूंनी बंद केला आहे, सिलिंडरचा व्हॉल्व्हही बंद आहे, आणि बाहेरून पाहिल्यावर चौकटीच्या वरच्या कडेला सीलची पट्टी सुटलेली आढळली, त्यामुळे वास तिथूनच येत असावा. युनिट बदलून घेण्याचे ठरवत आहे. आतल्या प्लास्टिकमध्ये मुरलेला वास कसा घालवावा, एवढेच आता विचारायचे आहे.

प्रतिसाद

जुने युनिट निघाल्यावर पाणी घातलेल्या व्हिनेगरने आतून पुसा, कारण आम्लामुळे अमोनियाचा उग्रपणा मरतो. नंतर साध्या पाण्याने पुसून दार काही दिवस उघडे ठेवा. मागच्या पिवळ्या डागांना मात्र व्हिनेगर लावू नका, तिथे वर सांगितलेले ओले फडकेच वापरा.